शितावरून भात

भात शिजला का हे बघायला आपण सगळं पातेलं खात नाही. डावाने एक शीत काढतो, दोन बोटांत दाबतो आणि गॅस बंद करतो. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपल्या इतकी सवयीची आहे, की तिच्यातल्या दोन अटी लक्षातच येत नाहीत. शीत त्याच पातेल्यातलं असावं लागतं. आणि कुठलं शीत काढायचं ते परीक्षा घेणाऱ्याने ठरवायचं असतं, स्वयंपाक्याने नाही.

मी पुण्यात एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमचं सॉफ्टवेअर छोटे कारखाने आणि वितरक वापरतात. बिलं, गोदामातला माल, उधारी, जीएसटी असा सगळा कारभार त्यात चालतो. गेल्या वर्षी माझ्याकडे एक काम आलं. वेबसाइटवर असा डेमो हवा होता, की कुणीही यावं, नाव-नंबर न देता, काही इन्स्टॉल न करता, मोबाइलवरसुद्धा दोन-तीन मिनिटं बटणं दाबून बघावीत आणि म्हणावं, 'हे घेऊ या.' थोडक्यात, शीत तयार करायचं काम. ते करताना आपल्याआधी कुणी कुणी कशी शितं दाखवली, हे शोधायला लागलो आणि जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास हाती लागला. धंद्याचं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला, आणि त्याहून जास्त ते रोज वापरणाऱ्याला, हा इतिहास माहीत असायला हवा असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

केळी, सूप आणि माउस

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणकवाल्यांची परिषद भरली होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे डग्लस एंगलबार्ट कानाला मायक्रोफोन लावून मंचावर बसले. समोर सुमारे हजार जण. एंगलबार्ट यांच्या हातात माउस होता आणि मागे मोठा पडदा. ज्या मशीनवर ते काम करत होते ते तिथे नव्हतंच. ते होतं मेन्लो पार्कला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. तिथलं चित्र मायक्रोवेव्हच्या जोडणीने सभागृहात येत होतं. या सगळ्या तारा-कॅमेऱ्यांची जुळवाजुळव बिल इंग्लिश यांनी केली होती.

त्या काळात बहुतेकांसाठी संगणक म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट बघत बसणं. एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांत माउस, एका मजकुरातून दुसऱ्यात नेणारे दुवे, आणि दूरवरच्या दोघांनी एकमेकांचे चेहरे बघत एकाच कागदावर काम करणं हे सगळं चालू स्थितीत दाखवलं. या प्रात्यक्षिकाला 'मदर ऑफ ऑल डेमोज' हे नाव मात्र फार उशिरा, १९९४ साली, स्टीव्हन लेव्ही यांच्या पुस्तकातून मिळालं.

व्हिडिओ इंटरनेटवर आहे, जरूर बघा. मला त्यात सगळ्यात आवडली ती माउसपेक्षाही किराण्याची यादी. एंगलबार्ट पडद्यावर घरचं सामान लिहितात. केळी, सूप, पेपर टॉवेल वगैरे. मग त्या वस्तूंचे गट पाडतात, गट उघडतात, मिटतात. पुढे घरी जाताना कुठे कुठे थांबायचं त्याचा नकाशा काढतात. जगात कुणी न पाहिलेलं मशीन दाखवायचं, तर त्यात भरलेली माहिती मात्र सभागृहातल्या प्रत्येकाच्या घरातली हवी, हे त्यांना नेमकं कळलं होतं. डेमोत कुठला डेटा घालायचा हा प्रश्न आजही तोच आहे. प्रत्येक डेमोवाला आपापली केळी शोधत असतो.

पण म्हणीच्या अटी लावून बघा. पातेलं खरं होतं, भात खरा होता. डाव मात्र पूर्ण वेळ स्वयंपाक्याच्या हातात होता. सभागृहातल्या एकालाही माउसला हात लावता आला नाही. तिथे काही विकायचं नव्हतं, म्हणून ते चाललं.

कुणाला दाखवता यावर सगळं

दहा वर्षांनी, १९७८मध्ये, डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे. हा फळा स्वतःच आकडेमोड करणारा असता तर, या कल्पनेतून ब्रिकलिन यांनी उसन्या आणलेल्या अॅपल २वर एका वीकेंडला बेसिक भाषेत पहिला नमुना लिहिला. बॉब फ्रँकस्टन यांनी त्याचं खरं उत्पादन केलं. १९७९मध्ये ते 'व्हिजिकॅल्क' नावाने बाजारात आलं. आज आपण वापरतो त्या एक्सेलचा हा पूर्वज.

त्याच्या डेमोबद्दल ब्रिकलिन यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसाला दाखवलं, तर तो म्हणे, छान आहे, संगणकाला हे येणारच, त्यात काय? पण ज्याला रोज कागदावर आकड्यांचे तक्ते भरावे लागत, त्याचे हात थरथरू लागत. आपण आठवडाभर जे करतो ते तासाभरात होईल, हे त्याला त्या एका पडद्यावर दिसे.

डेमो तोच, आकडे तेच. फरक फक्त बघणाऱ्याच्या दुखण्याचा. शिवाय व्हिजिकॅल्कमध्ये एक गोष्ट नवी होती. बघणारा म्हणू शकत होता, 'हा आकडा बदला बघू.' आणि बदलला की शेजारची बेरीज त्याच्या डोळ्यांदेखत बदले. कुठलं शीत दाबायचं हे आता गिऱ्हाईक सांगू लागलं होतं.

पाकिटातली डिस्क

पुढच्या काळात डाव खरोखर गिऱ्हाइकाच्या हातात गेला. १९८२मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन आणि जिम नॉफ यांनी आपापल्या प्रोग्रॅमबाबत वेगळाच मार्ग धरला. डिस्कची कॉपी करा, मित्रांना द्या, वापरा. आवडलं तर पैसे पाठवा. शेअरवेअर म्हणतात ते यातून वाढलं. १९८३च्या जानेवारीत ४९५ डॉलरला आलेल्या 'लोटस १-२-३'च्या खोक्यात शिकवणारी एक वेगळी डिस्क असे. ती घालायची आणि ती सांगेल तशा कळा दाबत जायच्या. आज अॅप उघडल्यावर 'इथे टॅप करा' म्हणणारे बाण येतात, त्यांचे हे आजोबा.

मग सगळंच फुकट द्यायचं नाही म्हणून अर्धवट चालणारे डेमो आले. काहींत सेव्ह होत नसे, काहींत प्रिंट निघत नसे, काही तीस दिवसांनी बंद पडत. आपल्याकडचं याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे टॅली. श्यामसुंदर गोयंका यांच्या व्यवसायाचे हिशोब ठेवायला त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून १९८६मध्ये बेंगळुरूला ही कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी संगणकाचा क्लास असेल आणि त्याच्या पाटीवर 'टॅली' नसेल, असं क्वचित दिसेल.

टॅलीचं लायसन्स नसेल तर ते एज्युकेशनल मोडमध्ये चालतं. त्यात सगळं करता येतं, फक्त नोंदीची तारीख १, २ किंवा ३१ असावी लागते. माझ्या मामेबहिणीने बी.कॉम. करताना असाच सराव केला. तिच्या वहीतल्या दुकानदाराचा सगळा धंदा महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत उरके. एक तारखेला खरेदी, दोनला विक्री, मग एकदम एकतीसला पगार. आम्ही यावर खूप हसायचो. पण आज डेमो बनवणारा म्हणून बघतो तेव्हा ही युक्ती फार प्रामाणिक वाटते. काय बंद आहे ते पहिल्याच नोंदीला कळतं, आणि जे चालू आहे ते शंभर टक्के खरं आहे. शिकणाऱ्याला पुरतं, धंदा करणाऱ्याला पुरत नाही. आणि उद्या नोकरीवर बसणारी मुलगी तेच सॉफ्टवेअर बोटांनी ओळखते. शीत खरं, पातेलंही खरं. लंगडं ते फक्त कॅलेंडर.

पातेलंच नव्हतं

याच दशकात उलट टोकाची गोष्टही घडली. १९८३मध्ये अमेरिकेतल्या ओव्हेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने 'ओव्हेशन' नावाचं ऑफिसचं सर्वसमावेशक सॉफ्टवेअर जाहीर केलं. जाहिराती झाल्या. प्रदर्शनांत डेमो दाखवला गेला. पत्रकारांना तो आवडला, मासिकांत कौतुक छापून आलं. पुढे कंपनीच्याच लोकांनी सांगितलं, की त्यामागे सोर्स कोड कधी नव्हताच. दाखवला तो नुसता डेमो होता, पैसा उभा करण्यासाठी केलेला. पैसा उभा राहिला नाही आणि उत्पादन कधीच आलं नाही. जाहीर होतं पण येत नाही अशा सॉफ्टवेअरला 'व्हेपरवेअर' म्हणतात, आणि ओव्हेशनला त्याची जननी म्हटलं गेलं. एका जननीने खरं मशीन दाखवलं होतं, दुसरीने रिकामं पातेलं.

आता गंमत बघा. दोनच वर्षांनी, १९८५मध्ये, पडद्यामागे काहीही नसलेले डेमो तयार करण्याचं अवजारच बाजारात आलं, आणि ते आणलं व्हिजिकॅल्कवाल्या डॅन ब्रिकलिन यांनी. नाव सरळ 'डॅन ब्रिकलिन्स डेमो प्रोग्रॅम'. तेव्हाच्या पीसीचा पडदा म्हणजे ८० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच. या प्रोग्रॅममध्ये असे पडदे स्लाइडसारखे रंगवायचे आणि कुठली कळ दाबली की कुठल्या स्लाइडवर जायचं ते ठरवायचं. बघणाऱ्याला वाटे, सॉफ्टवेअर चालतंय. खरं तर एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर उडी, एवढंच. कोडची एक ओळही न लिहिता सॉफ्टवेअर कसं दिसेल, कसं वागेल हे दाखवता येऊ लागलं. १९८६मध्ये सॉफ्टवेअर पब्लिशर्स असोसिएशनचा सर्वोत्तम प्रोग्रॅमिंग साधनाचा पुरस्कार त्याला मिळाला.

ओव्हेशन आणि ब्रिकलिन यांच्या तंत्रात फरक काय? तंत्रात, खरं सांगायचं तर, काहीच नाही. दोन्हीकडे चित्रंच. पण ब्रिकलिन यांचं अवजार बांधकामाआधी नकाशा दाखवण्यासारखं होतं. इथे खिडकी नको, तिथे दार हवं, असं गिऱ्हाइकाने सांगावं म्हणून दाखवलेला. नकाशा दाखवून 'ताबा घ्या' म्हणणं ही वेगळी गोष्ट.

रिकाम्या घराची चावी

वेब आल्यावर डिस्क गेली. फ्लॅशमध्ये हलणारे डेमो बनू लागले. 'रोबोडेमो' नावाचं साधन पडद्यावरची कृती टिपून तिच्यावर दाबायच्या जागा लावून देई. ते २००३मध्ये मॅक्रोमीडियाने घेतलं आणि पुढे त्याचं 'कॅप्टिव्हेट' झालं. २०२०च्या शेवटी अॅडोबीने फ्लॅशला आधार देणं थांबवलं. तेव्हापासून त्या काळातले असंख्य डेमो साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. आमच्या व्यवसायाचा एवढा मोठा कालखंड असा एका दिवसात बंद कपाटात गेला.

दुसरीकडे सॉफ्टवेअरच ब्राउझरमध्ये आलं, आणि वाटलं की आता डेमोची गरजच संपली. खातं उघडा, तीस दिवस फुकट वापरा. म्हणीतल्या दोन्ही अटी पूर्ण! पण धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अडतं. फोटोच्या अॅपमध्ये तुमचे फोटो आधीच असतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की त्यात काहीच नसतं. ना पार्टी, ना माल, ना दर, ना मागची बाकी. रिकाम्या घराची चावी देऊन 'राहून बघा' म्हणण्यासारखं. निम्मा दिवस माहिती भरल्यावर काहीतरी दिसणार, आणि तेवढा वेळ दुकान चालवणाऱ्या माणसाकडे नसतो. तो पाच मिनिटांत टॅब बंद करतो.

म्हणून गेल्या काही वर्षांत 'इंटरॅक्टिव्ह डेमो' हा प्रकार वाढला. खऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यांचा एचटीएमएल जसाच्या तसा उचलायचा. त्यातली नावं, आकडे बदलायचे. दाबायच्या जागा आखायच्या, शेजारी छोटी सूचना ठेवायची: 'आता इथे दाबा.' मागे सर्व्हर नाही, डेटाबेस नाही. म्हणजे पुन्हा ब्रिकलिन यांच्या स्लाइड्सच, कपडे नवे. आणि डाव पुन्हा स्वयंपाक्याच्या हातात. माझ्याकडे आलं ते हे काम.

माल परत आणणारं कुणी

आयफोनच्या २००७च्या सादरीकरणाबद्दल एक शब्द पुढे प्रसिद्ध झाला: 'गोल्डन पाथ'. तो फोन तेव्हा कच्चा होता, म्हणून कोणत्या क्रमाने काय दाखवलं तर तो बंद पडणार नाही ती वाट इंजिनिअरांनी आधी शोधून ठेवली होती. धंद्याच्या डेमोतही अशी सोनेरी वाट असते, पण ती डेटामध्ये असते. डेमोतल्या जगात सगळ्या पार्ट्या वेळेवर पैसे देतात. माल कधी उणे होत नाही. 'श्री गणेश ट्रेडर्स', 'श्रीगणेश ट्रेडर्स' आणि 'गणेश ट्रेडर्स' अशी एकाच माणसाची तीन खाती नसतात.

कामाला लागण्याआधी मी काही ग्राहकांकडे जाऊन बसलो. भोसरीतल्या एका वितरकाकडे बिलं करणाऱ्या बाई होत्या, वीसेक वर्षं हेच काम केलेल्या. आमच्या विक्रीवाल्यांनी त्यांच्या मालकांना लॅपटॉपवर दाखवलेला डेमो त्यांनीही मागे उभं राहून पाहिला होता. चहा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण तुमच्या डेमोत कुणी माल परत आणत नाही का?"

मी विचारलं, "तुमच्याकडे किती येतो, ताई?"

त्यांनी उत्तर न देता टेबलावरचा चलनांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. माल परत, मोजणीत फरक, दर चुकला, अर्धे पैसे आज, अर्धे पुढच्या सोमवारी. त्यांचा दिवस यात जात होता. सरळ बिल कुठलंही सॉफ्टवेअर करतं. ते बघून मालक सही करतात आणि उरलेलं पुढची पाच वर्षं ताई निस्तरतात. डेमो बघणारा आणि वापरणारा वेगळा असतो, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं अंतर आहे.

मी माल परतीचा प्रसंग डेमोत घेतला. आमच्याकडे क्रेडिट नोट करायला चार पडदे लागतात. मार्केटिंगच्या सहकाऱ्याने मसुदा बघून लगेच विचारलं, "हे चार पडदे कशाला? लोक दुसऱ्यालाच पळतील."

"पळणारे आत्ता पळाले तर बरं," मी म्हणालो. "नाहीतर पैसे भरून तीन महिन्यांनी पळतील."

"तीन महिन्यांनी पळाले तर तो सपोर्टचा प्रश्न. आत्ता पळाले तर माझा."

त्याचं चूक नव्हतं. त्याच्या कामाचं माप किती लोकांनी डेमो पूर्ण केला हे आहे. आठवडाभर वाद चालला. शेवटी डेमोला दोन दारं ठेवायचं ठरलं. 'मी मालक आहे' आणि 'मी बिलं करते/करतो'. पहिल्यात उधारी, नफा, गोदाम. दुसऱ्यात परतीचा माल, चारही पडद्यांसकट.

त्यातली कंपनी आम्ही कोल्हापूरची केली, नट-बोल्ट विकणारी. तिचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ने सुरू होतो, पण पंधरावं तपासणीचं अक्षर आधीच्या चौदांशी जुळत नाही, असं मुद्दाम ठेवलं. ते गणिताने ठरतं, त्यामुळे ते चुकवलं की तो क्रमांक कुणाचाच असू शकत नाही. डेमोत चुकूनही खऱ्या माणसाचं नाव, नंबर येऊ नये हा आमचा पहिला नियम होता.

आणि एक जागा मी हट्टाने जिवंत ठेवली. बाकी सगळी चित्रं, पण बिलाचा एक पडदा खरा. उत्पादनात करगणना करणारा जो कोड आहे, तोच तिथे ब्राउझरमध्ये चालतो. नग बदला, दर बदला, हवा तो आकडा टाका. ग्राहक कुडाळचा असेल तर अठरा टक्के कर नऊ-नऊ असा केंद्र आणि राज्यात विभागून दिसतो. ग्राहक बदलून म्हापशाचा करा. गोव्याचा क्रमांक ३०ने सुरू होतो, राज्य बदललं, दोन ओळी जाऊन अठरा टक्के आयजीएसटीची एकच ओळ येते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माझी केळी मला तिथे सापडली. खाली एक ओळ आहे: 'बिलाचा हा पडदा खरा आहे, बाकी पडदे नक्कल आहेत. इथे लिहिलेलं काहीही आमच्याकडे साठत नाही.'

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण माझ्यासारखे डेमो बनवत असतील. काहींना घरच्या दुकानासाठी, वडिलांच्या वर्कशॉपसाठी किंवा ऑफिससाठी सॉफ्टवेअर निवडायचं असेल. वरच्या सगळ्या इतिहासातून निवडणाऱ्याला करता येण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. डेमो बघताना कीबोर्ड मागा. जमत नसेल तर निदान एक आकडा आपल्या मनाचा टाकायला सांगा. गेल्या महिन्यातलं सगळ्यात किचकट बिल सोबत न्या, आणि तेच करून दाखवायला सांगा. ते जमेल का यापेक्षा समोरचा माणूस 'हे आमच्यात नाही' असं स्वच्छ सांगतो का, तिकडे लक्ष द्या. आणि जी व्यक्ती रोज बिलं करणार आहे तिला मागे उभं ठेवू नका, खुर्चीत बसवा. प्रश्न तिलाच विचारू द्या.